दोन बाजूंची तबकडी

मेम्फिसची युनियन अव्हेन्यू मिसिसिपी नदीच्या काठाशी सुरू होते आणि शहराच्या मधोमध सरळ पूर्वेला जात राहते. याच रस्त्यावरच्या एका लहानशा खोलीत रॉक अँड रोलने बाळसं धरलं, हे मी कॉलेजात असल्यापासून वाचत आले होते. त्यामुळे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या या शहरात पाय ठेवताना डोळ्यांसमोर फक्त गिटार होती. प्रत्यक्षात पहिली गाठ पडली ती कापसाशी.

रस्ता जिथे सुरू होतो तिथेच, फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. तिच्या खालच्या मजल्यावर जिथे एके काळी सौदे होत, त्या दालनात आता कापसाचं संग्रहालय आहे. भिंतीवर भाव लिहिण्याचा भलामोठा फळा आहे. पारख करणाऱ्यांची जुनी छायाचित्रं आहेत. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, हलकेच ओढून तोडायचा, तुटलेले भाग जुळवून पुन्हा ओढायचा आणि उरलेल्या तंतूंची लांबी नजरेनं जोखायची. माझं लहानपण वऱ्हाडात गेलं. जिनिंगच्या आवारात व्यापारी अगदी अस्साच कापूस ओढताना मी पाहिले आहेत. हजारो मैलांवरच्या या शहरात बोटांची तीच हालचाल पाहून मी जागच्या जागी थबकले.

हा संबंध नुसता दिसण्यापुरता नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईत भल्याभल्या पेढ्यांचं दिवाळं वाजलं. मिसिसिपीकाठची तोफ थांबली की मुंबईच्या बाजारात रडारड व्हावी, इतकं हे नातं जवळचं होतं.

मेम्फिसचं सारं वैभव या कापसाचं. पण तो वेचणारे हात कुणाचे होते? शहराच्या दक्षिणेला मिसिसिपी डेल्टाची सपाट, काळी जमीन पसरली आहे. तिथे आधी गुलाम राबले. गुलामी कायद्याने संपल्यावर त्यांचीच मुलंनातवंडं बटईने त्याच शेतांत राबली. बियाणं मालकाचं, किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर, हिशेबाची वही मालकाच्या हातात. हंगाम संपला की कर्ज तेवढं बाकी उरायचं. या शेतांतून जी गाणी उगवली त्यांना जग ब्लूज म्हणतं. ज्यांना शेत सोडून निसटता आलं ते वाट धरून मेम्फिसला आले. बी. बी. किंग हा त्यांच्यापैकीच. इंडियानोलाजवळच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा हा तरुण इथे आला आणि डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रावर गाऊ लागला. १९४८ पासून या केंद्राने आपले कार्यक्रम कृष्णवर्णीय निवेदकांच्या हाती द्यायला सुरुवात केली होती. सगळेच कार्यक्रम त्यांच्या हाती सोपवणारं ते अमेरिकेतलं पहिलं केंद्र ठरलं.

गावात कायद्याने गोरे-काळे वेगळे होते. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळसुद्धा वेगळे. रेडिओच्या लहरींना मात्र हे कुंपण घालता येत नव्हतं. गोऱ्या घरांतली पोरं रात्री दार लोटून घेऊन कृष्णवर्णीयांची गाणी ऐकत होती. मेम्फिसमध्ये पुढे जे घडलं त्याची गुरुकिल्ली मला इथे सापडली.

आता ती खोली. ७०६, युनियन अव्हेन्यू. लाल विटांची बैठी इमारत, दर्शनी भागावर गिटार टांगलेली, शेजारी छोटं कॅफे. हाच तो सन स्टुडिओ. अलाबामातून आलेल्या सॅम फिलिप्सने जानेवारी १९५० मध्ये इथे ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू केला. लग्नसमारंभ, भाषणं, अंत्यविधी, जे येईल ते तो मुद्रित करून देत असे. पोटापाण्याची सोय त्यातून होई. त्याला खरी ओढ होती ती डेल्टातून येणाऱ्या कृष्णवर्णीय गायकांची. त्यांच्यासाठी शहरात दुसरा दरवाजा उघडा नव्हता.

आत पाऊल टाकलं आणि मी अवाक झाले. खोली आपल्याकडच्या शाळेतल्या एका वर्गाएवढी! आवाज शोषून घेण्यासाठी भिंतींना आणि उतरत्या घडीच्या छताला पांढुरक्या सच्छिद्र फरशा लावलेल्या आहेत. त्या आजही त्याच आहेत. एका बाजूला काचेची खिडकी, तिच्यामागे सॅमची बसायची जागा. जमिनीवर काळ्या पट्टीची फुली मारलेली. एल्व्हिस इथे उभा राहून गायला, असं आमची मार्गदर्शक मुलगी म्हणाली आणि बरोबरचे सगळे एकदम गप्प झाले.

१९५१ च्या मार्चमध्ये आइक टर्नर आपला वाद्यवृंद घेऊन डेल्टातून या खोलीत आला. प्रवासात गिटारच्या अँप्लिफायरला इजा होऊन स्पीकरचा पडदा फाटला होता. दुरुस्तीला वेळ नव्हता. सॅमने त्यात कागद कोंबला. आवाज घरघरता, खरखरीत येऊ लागला, आणि सॅमला तोच आवडला. 'रॉकेट एटीएट' हे ते गाणं. रॉक अँड रोलची पहिली तबकडी म्हणून अनेक अभ्यासक तिच्याकडे बोट दाखवतात. विद्युत गिटारचा जो फाटका, गुरगुरता आवाज पुढे या संगीताची ओळख झाला, त्याच्या मुळाशी असा एक कागदाचा बोळा आहे.

पैसा नव्हता म्हणून इथे डोकं चाललं. प्रतिध्वनीसाठी मोठं दालन परवडत नव्हतं. तेव्हा सॅमने गाण्याचा आवाज दुसऱ्या टेप मशीनवरून फिरवला आणि सेकंदाच्या लहानशा अंशाएवढ्या उशिराने मूळ आवाजात परत मिसळला. त्यामुळे एकटा माणूस गातानाही आवाजाला सावली पडल्यासारखी वाटते. इथेच गाणाऱ्या जॉनी कॅशकडे ढोलकिया नव्हता. त्याने गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवला आणि तारांवरच ताल धरला. मार्गदर्शक मुलीने तशीच घडी घालून तारांत कागद सरकवला, हात फिरवला, आणि आगगाडी रुळांवरून धावावी तसा आवाज त्या खोलीत घुमला. मी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

१९५३ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा एक मुलगा चार डॉलरच्या आतबाहेर पैसे मोजून स्वतःच्या आवाजातली तबकडी करून घ्यायला इथे आला. मेरियन कीस्कर ही सॅमची सहकारी समोर बसली होती. तिने त्याचं नाव टिपून ठेवलं. मुलगा होता एल्व्हिस प्रेस्ली. तुपेलो या खेड्यावजा गावातून पोटासाठी आलेलं त्याचं कुटुंब सरकारी चाळवजा वसाहतीत राहिलं होतं. पुढे तो वीजकामाच्या कंपनीचा ट्रक चालवत होता. वर्षभराने, ५ जुलै १९५४ च्या रात्री, सॅमने त्याला स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक या दोन वादकांबरोबर गाऊन बघायला लावलं. संथ गाणी झाली, काही जमेना. मधल्या सुट्टीत एल्व्हिसने सहज म्हणून आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचं ब्लूज गाणं उड्या मारत म्हणायला सुरुवात केली. बिलने त्याच्या सुरात सूर मिसळला, स्कॉटीने गिटार उचलली. सॅमने आतून डोकं बाहेर काढून विचारलं की हे काय चाललंय, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं.

दोन आठवड्यांत तबकडी बाजारात आली. तिच्या एका बाजूला क्रुडपचं 'दॅट्स ऑल राइट' होतं. दुसऱ्या बाजूला होतं 'ब्लू मून ऑफ केंटकी', बिल मन्रो या गोऱ्या लोकसंगीतकाराचं. कायद्याने जे एका बाकावर बसू शकत नव्हते, ते एकाच तबकडीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसले. मला विचाराल तर रॉक अँड रोलची सगळी कहाणी या दोन बाजूंमध्ये आहे.

ती बाजारात येण्याआधीच डुई फिलिप्स या रेडिओ निवेदकाने एका रात्री ते गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं. फोन खणखणू लागले. एल्व्हिसला बोलावून आणलं गेलं. डुईने त्याला विचारलं, तू कुठल्या शाळेत शिकलास? ह्यूम्स हायस्कूल, असं उत्तर आलं. हा प्रश्न साधा नव्हता. ह्यूम्स ही गोऱ्यांची शाळा. गाणाऱ्याचा रंग कोणता हे आवाजावरून कुणालाच उमगत नव्हतं, म्हणून शाळेचं नाव विचारून श्रोत्यांना ते कळवावं लागलं. कृष्णवर्णीयांच्या ईस्ट ट्रिग चर्चमध्ये जाऊन प्रार्थनागीतं ऐकणाऱ्या या मुलाच्या गळ्यात दोन्ही बाजू एकजीव झाल्या होत्या. आणि याच कहाणीची कडू बाजूही सांगितली पाहिजे. क्रुडपला आपल्या गाण्यांचा हक्काचा मोबदला कधी नीट मिळाला नाही. १९७४ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या गाण्यावर उभं राहिलेलं साम्राज्य साऱ्या जगात पसरलेलं होतं.

ते साम्राज्य पाहायचं तर शहराच्या दक्षिणेला ग्रेसलँडला जावं. १९५७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एल्व्हिसने हे घर १,०२,५०० डॉलरना घेतलं. पांढऱ्या खांबांचा दर्शनी भाग, एकाच भिंतीत तीन दूरदर्शन संच बसवलेली खोली, भिंतींपासून छतापर्यंत कापडाच्या चुण्यांनी मढवलेली बिलियर्डची खोली, आणि ती प्रसिद्ध जंगल रूम, जिच्या छतालाही हिरवा गालिचा आहे. १९७६ मध्ये याच खोलीत त्याची ध्वनिमुद्रणं झाली. वरच्या मजल्यावर कुणालाही सोडत नाहीत. १६ ऑगस्ट १९७७ ला तिथेच त्याचा शेवट झाला. बागेत त्याची समाधी आहे, शेजारी आई, वडील आणि आजी. आई ग्लॅडिस या घरात फार दिवस राहिली नाही. १९५८ मध्येच ती गेली. चाळीतून आईला महालात आणणाऱ्या मुलाचं हे घर आहे, हे ध्यानात ठेवलं की तिथला भपका डोळ्यांना खुपत नाही. रांगेत माझ्यापुढे चार पिढ्यांचं एक कुटुंब होतं, पणजीपासून तान्ह्यापर्यंत, आणि पणजीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

बहुतेक प्रवासी इथूनच विमानतळ गाठतात. त्यांनी अर्धंच मेम्फिस पाहिलेलं असतं.

मॅकलमोर अव्हेन्यूवर, साध्यासुध्या घरांच्या वस्तीत, स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीची जागा आहे. जिम स्टुअर्ट हा बँकेत नोकरी करणारा गोरा माणूस आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन. ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेता यावं म्हणून एस्टेलने आपलं घर गहाण टाकलं. दोघांनी १९६० मध्ये बंद पडलेलं कॅपिटॉल चित्रपटगृह भाड्याने घेतलं आणि खुर्च्या काढून तिथे स्टुडिओ थाटला. जमीन सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून प्रेक्षागृहाचा उतार तसाच राहिला. त्या उताराने आवाजाला एक वेगळाच भरदारपणा आणला, असं वादक सांगत. दर्शनी जागेत एस्टेलने तबकड्यांचं दुकान काढलं. वस्तीतली पोरं तिथे रेंगाळत, गाणी ऐकत, नाचत. कुठलं गाणं त्यांचे पाय हलवतं हे ती पाहून ठेवी आणि आत जाऊन सांगे. त्याच पोरांतली काही पुढे आतल्या दारातून स्टुडिओत गेली आणि गायक-वादक झाली. बुकर टी. जोन्स हा त्यांपैकी एक. १९६२ मध्ये 'ग्रीन अनियन्स' ही धून वाजवली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याच्या चार जणांच्या चमूत दोघे काळे, दोघे गोरे. शहरातल्या कुठल्याही सभ्य उपाहारगृहात हे चौघे एका टेबलावर जेवू शकत नव्हते. इथे मात्र रोज एकत्र काम करत होते.

त्याच वर्षी एका गिटारवादकाला घेऊन आलेल्या एका तरुणाने दिवसाच्या शेवटी मलाही एकदा गाऊन बघू द्या अशी गळ घातली. तो ओटिस रेडिंग. १० डिसेंबर १९६७ ला विस्कॉन्सिनमधल्या गोठणाऱ्या तळ्यात त्याचं विमान कोसळलं. तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. त्याच्याबरोबर बार-केज या चमूतली कोवळी पोरंही गेली. गोदीच्या कठड्यावर बसलेल्या माणसाचं त्याचं गाणं त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

स्टॅक्सच्या संग्रहालयात शिरलं की आधी लागतं ते एक खरंखुरं चर्च. डेल्टातल्या डंकन गावातलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं हे लाकडी प्रार्थनाघर उचलून आणून इथे पुन्हा उभारलं आहे. फळ्यांचा रंग उडालेला, बाक घासून गुळगुळीत झालेले. पुढे काही दालनांनंतर स्टॅक्सचा गायक आयझॅक हेज याची मोराच्या निळ्या रंगाची कॅडिलॅक गोल गोल फिरते, सोन्याच्या पट्ट्या आणि आत पांढरी केसाळ गालिच्याची बैठक असलेली. त्या लाकडी बाकापासून या मोटारीपर्यंतचं अंतर एका पिढीने काटलं, हे पाहून मन भरून येतं.

मलबेरी स्ट्रीटवर लॉरेन मोटेल आहे. गोऱ्यांच्या हॉटेलांत काळ्यांना जागा मिळत नसे त्या काळात वॉल्टर बेली या कृष्णवर्णीय मालकाचं हे ठिकाण कलावंतांचं हक्काचं घर होतं. स्टॅक्सची मंडळी इथे जमत, कारण दोन्ही रंगांच्या माणसांना एकत्र बसता येईल अशा जागा फार नव्हत्या. गायक विल्सन पिकेट आणि बुकरच्या चमूतला गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी 'इन द मिडनाइट अवर' इथे रचलं. वादळी रात्री, विजा कडाडत असताना गायक एडी फ्लॉइड आणि क्रॉपर यांनी 'नॉक ऑन वुड' इथेच लिहिलं.

आणि याच मोटेलच्या ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर, ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. ते मेम्फिसला आले होते सफाई कामगारांसाठी. १ फेब्रुवारीला पावसापासून आडोसा घ्यायला गेलेले इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर तेराशे कामगार संपावर गेले. 'मी माणूस आहे' अशा अर्थाचे फलक गळ्यात घालून ते रस्त्यावर उतरले. ते फलक आणि तशी एक गाडी मोटेलच्या जागी आज उभ्या असलेल्या नागरी हक्क संग्रहालयात पाहायला मिळतात.

सज्ज्यावर उभे असलेले डॉ. किंग खालच्या आवारातल्या बेन ब्रँच या सॅक्सोफोनवादकाशी बोलत होते. रात्रीच्या सभेत 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे भजन छान वाजव, असं ते त्याला सांगत होते. क्षणभरात गोळी आली. हे भजन थॉमस डॉर्सी या कृष्णवर्णीय रचनाकाराचं. एल्व्हिसने ते १९५७ मध्ये गायलेलं आहे. डॉ. किंग यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सनने ते म्हटलं. ही साखळी त्या सज्ज्यासमोर उभी असताना माझ्या लक्षात आली आणि पुढे पाऊल उचलेना. १९५९ मध्ये भारतात आले असताना हेच डॉ. किंग मुंबईच्या मणिभवनात, गांधीजी राहत त्या वास्तूत, मुक्कामाला होते. आपल्यापैकी कितीजण त्या वास्तूवरून रोज जातात!

त्या संध्याकाळनंतर स्टॅक्समधलं वातावरण पूर्वीसारखं राहिलं नाही, असं तिथल्या वादकांनी पुढे सांगितलं आहे. जुन्या करारामुळे आधीच्या ध्वनिमुद्रणांचे हक्कही कंपनीच्या हातून गेले. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्सचं दिवाळं निघालं आणि १९८९ मध्ये इमारत पाडली. रिकाम्या पटांगणात गवत वाढलं. वस्तीतल्या आणि शहरातल्या जाणत्या लोकांनी ते तसं राहू दिलं नाही. २००३ मध्ये त्याच जागी, जुन्या रूपात, उतरत्या जमिनीसकट स्टॅक्स पुन्हा उभं राहिलं. शेजारच्या संगीत शाळेत त्या वस्तीतली मुलं शिकतात. मी गेले तेव्हा आतून ट्रम्पेटचा सराव ऐकू येत होता, तोच तुकडा चुकत, सुधारत, पुन्हा पुन्हा.

ज्या गोष्टीची शहराला लाज वाटावी तीही मेम्फिसने जपून ठेवली आहे आणि जिचा अभिमान वाटावा तीही, आणि दोन्ही हाकेच्या अंतरावर. म्हणून या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझं आवर्जून सांगणं आहे. ग्रेसलँड पाहाच, पण ते शेवटी ठेवा. आधी नदीकाठचं कापसाचं दालन, मग सन स्टुडिओ, मग स्टॅक्स, मग लॉरेन मोटेल, या क्रमाने जा. ग्रेसलँडमधलं ऐश्वर्य कुणाच्या घामावर, कुणाच्या सुरांवर उभं आहे ते मग कुणी सांगावं लागणार नाही. आणि घरी परतल्यावर एल्व्हिसचं ते पहिलं गाणं ऐकाल तेव्हा आर्थर क्रुडपने गायलेलं मूळ गाणंही ऐका. त्याचं तेवढं देणं आपल्याकडे बाकी आहे.